एकही सैनिक नसलेला देश आणि माझ्या भाचीचे भाषण

गेल्या रविवारी माझी भाची शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेचे भाषण म्हणून दाखवायला कोथरूडला आमच्या घरी आली. विषय युद्ध आणि शांतता, वेळ पाच मिनिटे, आणि रेघांच्या कागदावर सुवाच्य अक्षरांत लिहिलेले पहिलेच वाक्य असे होते : 'ज्या देशाकडे एकही सैनिक नव्हता, त्या देशाच्या वाटेला हिटलरसुद्धा गेला नाही.' हे कुठून मिळाले, असे विचारल्यावर तिने सरळ आजोबांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे, बोट दाखवले. बाबांना तो मजकूर सकाळी पर्वती चढणाऱ्या मंडळींच्या व्हॉट्सॲप गटातून आला होता. त्यांनी तो नातीला पाठवला आणि घरच्या गटावरही टाकला. खरे सांगायचे तर त्याआधी सोसायटीच्या गटावर तो मला दोनदा दिसला होता आणि दोन्ही वेळा मी तो न वाचताच अंगठ्याने वर ढकलला होता. त्या आळसाची भरपाई म्हणून हे लिहितो आहे.

मजकूर लांबलचक आहे, त्यामुळे त्याचा गोषवारा देतो. स्वित्झर्लंडने पाचशे वर्षांत एकही युद्ध पाहिले नाही. त्या देशाकडे सैन्य नव्हते आणि आजही नाही, म्हणून त्याची कोणाला भीती वाटली नाही. दुसऱ्या महायुद्धात तो तटस्थ असल्यामुळे त्याला कोणी हात लावला नाही. शिवाय हिटलरचा पैसा तिथल्या बँकांत होता. त्याने लढणाऱ्या दोन्ही पक्षांना सारख्याच अंतरावर ठेवले, आणि छळाला कंटाळून दारात आलेल्या प्रत्येकाला आसरा दिला. शेवटी ठळक अक्षरांत उपदेश : भारताने शस्त्रखरेदी थांबवून हाच मार्ग धरावा.

पाचशे वर्षांचा दावा दोन-चार सनावळ्यांतच आडवा होतो. 1515 मध्ये मारिन्यानोच्या लढाईत फ्रान्सच्या राजाकडून मार खाल्ल्यावर स्विस लोकांनी मुलूखगिरी सोडली, हे खरे. पण त्यानंतरही त्यांचे सैनिक शतकानुशतके परक्या राजांच्या पदरी भाड्याने लढत राहिले. 1798 मध्ये फ्रेंच फौजा स्वित्झर्लंडमध्ये घुसल्या, पुढच्याच वर्षी फ्रेंच, ऑस्ट्रियन आणि रशियन सैन्ये झुरिकच्या परिसरात एकमेकांशी भिडली, आणि 1847 मध्ये तर स्विस लोकांचे आपसातच यादवी युद्ध झाले. ज्या कायमच्या तटस्थतेचे एवढे कौतुक चालते, तिला 1815 मध्ये पॅरिसमध्ये मान्यता दिली ती युरोपातल्या बड्या सत्तांनी, कारण आल्प्समधल्या खिंडी फ्रान्सच्या हाती जाऊ नयेत असे ऑस्ट्रियाला वाटत होते आणि ऑस्ट्रियाच्या हाती जाऊ नयेत असे फ्रान्सला. दोन भावांच्या भांडणात मधली खोली कोणालाच न देता कुलूप लावून ठेवावी, तसा हा प्रकार होता.

आता सैन्याविषयी. या मुद्द्यावर बाबांकडे स्वतःचा पुरावा आहे. सहा वर्षांपूर्वी ते नऊ दिवसांच्या सहलीत तिथे जाऊन आले, टिटलिसवर बर्फात उभे राहून फोटो काढले, आणि नऊ दिवसांत त्यांना एकही सैनिक दिसला नाही. तो त्यांना दिसला नाही, कारण तिथला सैनिक बहुतेक दिवस बँकेत, शेतावर किंवा दुकानात काम करत असतो. तिथे पुरुषांना लष्करी सेवा आजही सक्तीची आहे, आणि शनिवार-रविवारी गणवेशातली, खांद्याला रायफल लावलेली तरुण मुले आगगाडीतून घरी जाताना दिसणे ही तिथली नित्याची गोष्ट आहे. सैन्य ठेवावे की बरखास्त करावे, हा प्रश्न 1989 मध्ये तिथे प्रत्यक्ष मतदानाला टाकला गेला होता आणि बरखास्तीच्या बाजूने सुमारे 36 टक्के मते पडली. सक्तीची सेवा रद्द करावी का, असे 2013 मध्ये विचारले, तेव्हा 73 टक्के लोकांनी नाही म्हटले. जे सैन्य अस्तित्वातच नाही, त्याच्यावर दोनदा मतदान घेणारा देश फारच विनोदी म्हणावा लागेल.

महायुद्धातली स्थिती तर याहून स्पष्ट आहे. 30 ऑगस्ट 1939 रोजी, म्हणजे जर्मनीने पोलंडवर हल्ला करण्याच्या दोन दिवस आधी, स्विस संसदेने आंरी गिझाँ यांना सेनापती निवडले आणि पुढच्या काही दिवसांत सुमारे 4 लाख 30 हजार माणसे शस्त्रे घेऊन उभी राहिली. देशाची लोकसंख्या तेव्हा होती 42 लाखांच्या आसपास. दर दहा जणांमागे एक माणूस सीमेवर गेला. मे आणि जून 1940 मध्ये स्विस वैमानिकांनी आपल्या हद्दीत शिरलेली 11 जर्मन विमाने पाडली, आणि ज्या मेसरश्मिट विमानांतून त्यांनी हा पराक्रम केला, ती युद्धाच्या तोंडावर जर्मनीकडूनच विकत घेतलेली होती. हे वाचून दाखवले तेव्हा भाची खळखळून हसली आणि बाबा गप्प बसले.

त्यानंतर फ्रान्स कोसळला आणि स्वित्झर्लंड जवळजवळ चारही बाजूंनी जर्मनी, इटली आणि त्यांच्या ताब्यातल्या प्रदेशाने वेढला गेला. 25 जुलै 1940 रोजी गिझाँ यांनी आपल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना लुसर्नच्या तळ्याकाठच्या र्‍युटली नावाच्या कुरणावर बोलावले. स्विस संघराज्याची पहिली शपथ याच कुरणावर घेतली गेली, अशी तिथली आख्यायिका आहे. तिथे त्यांनी सांगितलेली योजना ऐकायला शूर आणि पचवायला कठीण होती : हल्ला झालाच तर सपाट प्रदेशात शत्रूला फक्त काही काळ अडवायचे, मुख्य सैन्याने आल्प्सच्या आतल्या किल्ल्यांत हटायचे आणि गॉटहार्ड व सिंप्लॉनचे रेल्वे बोगदे उडवून द्यायचे. याचा सरळ अर्थ असा की झुरिक, बासेल ही शहरे, आणि बहुतेक सैनिकांची स्वतःची बायकामुले, शत्रूच्या हवाली होणार होती. जर्मनीचा कोळसा इटलीला पोहोचत होता तो याच बोगद्यांतून, म्हणून ती धमकी बर्लिनमध्ये नीट ऐकू गेली. इकडे शहरांतल्या बागा आणि चौक खणून बटाटे आणि धान्य लावले जात होते. संभाजी बागेतली हिरवळ उखडून तिथे बटाट्याचे वाफे काढले, तर कसे दिसेल, याची कल्पना करावी. 'सैन्य नव्हते म्हणून वाचले' असे ज्यांना म्हणायचे आहे, त्यांनी निदान दुसरा एखादा देश निवडायला हवा होता.

तटस्थ असल्यामुळे कोणी हात लावला नाही, या मुद्द्यावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. डेन्मार्क आणि नॉर्वे तटस्थ होते. 9 एप्रिल 1940 रोजी जर्मनीने दोघांवर हल्ला केला आणि डेन्मार्क काही तासांत शरण गेला. बेल्जियम, हॉलंड आणि लक्झेंबर्ग तटस्थ होते. 10 मे रोजी त्यांचा नंबर लागला. त्याच दिवशी तटस्थ आइसलंडमध्ये उतरल्या त्या ब्रिटिश फौजा. ऑगस्ट 1941 मध्ये तटस्थ इराणवर ब्रिटन आणि सोव्हिएत संघ यांनी मिळून चढाई केली, ब्रिटनच्या बाजूने गेलेल्या त्या फौजेत आपल्या भारतीय तुकड्याही होत्या, आणि महिना उलटायच्या आत इराणच्या शहाला गादी सोडावी लागली. तटस्थता हे कवच असते, तर ते या सहा-सात देशांच्या अंगावरही चालायला हवे होते. युद्धात तटस्थ राहणाऱ्या देशाचे हक्क आणि कर्तव्ये ठरवणारा 1907 चा हेग करारसुद्धा असे गृहीत धरतो की तटस्थ देश आपली हद्द मोडणाऱ्याला बळाने अडवू शकतो, आणि त्याने तसे केले तर ते शत्रुत्वाचे कृत्य मानू नये, असे तो स्पष्ट म्हणतो.

बँकांच्या बाबतीत मात्र मजकूर लिहिणाऱ्याच्या हाती अर्धे सत्य लागले आहे, आणि ते नाइलाजाने मान्य करावे लागते. हिटलरच्या खासगी खात्याच्या गोष्टी बाजूला ठेवू. खरा व्यवहार जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेच्या सोन्याचा होता. याबाबत विसंबण्याजोगे सर्वांत भक्कम काम स्विस लोकांनी स्वतःच केले आहे. डिसेंबर 1996 मध्ये तिथल्या संसदेने कायदा करून झाँ-फ्रान्स्वा बेर्जिए या इतिहासकाराच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला, त्यात परदेशी इतिहासकारही घेतले, आणि खासगी बँका व कारखाने यांची दप्तरे त्याच्यापुढे उघडी करायला लावली. 2002 मध्ये आलेला त्याचा अंतिम अहवाल सांगतो की जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेने बाहेर पाठवलेल्या सोन्यापैकी सुमारे चार पंचमांश सोने स्वित्झर्लंडला किंवा त्याच्यामार्फत गेले, आणि एकट्या स्विस नॅशनल बँकेने सुमारे 120 कोटी फ्रँकचे सोने घेतले. त्यात बेल्जियमचे लुटलेले सोनेही होते. बेल्जियमने ते सांभाळायला फ्रान्सकडे दिले होते, फ्रान्सने ते आफ्रिकेत डाकारला हलवले, पराभवानंतर तिथून ते जर्मनांच्या हाती पडले, आणि जर्मनांनी ते वितळवून युद्धापूर्वीच्या तारखांचे शिक्के मारून पुढे विकले. त्या सोन्याच्या बदल्यात मिळणारे फ्रँक जर्मनीला हवे होते, कारण पोर्तुगालसारखे तटस्थ देश टंगस्टनच्या मोबदल्यात ते घ्यायला तयार असत.

मग हिटलर पैशासाठीच थांबला, असे का म्हणू नये? कारण तारखा जुळत नाहीत. आक्रमणाची भीती सर्वांत मोठी होती ती 1940 च्या उन्हाळ्यात, जेव्हा जर्मन लष्करी अधिकारी स्वित्झर्लंडवरच्या चढाईचे आराखडे खरोखरच तयार करत होते; आणि सोन्याचा व्यवहार शिगेला पोहोचला 1942-43 मध्ये, जेव्हा जर्मन सैन्य रशियात अडकले होते. सोने घेऊन आम्ही हल्ला टाळला, ही सबब स्विस नॅशनल बँकेने नंतर पुढे केली आणि आयोगाने ती उचलून धरली नाही. सैन्य, बोगदे, कारखाने, फ्रँक, आणि जर्मनीची दुसरीकडची निकड, अशा अनेक कारणांची ती गुंतवळ आहे.

सारख्या अंतराचा मुद्दा वाचताना मला खरी मौज वाटली. गिझाँ हे तटस्थ देशाचे सेनापती. पण जर्मनी आलाच तर फ्रेंच सैन्याने कुठून मदतीला यावे, याच्या गुप्त वाटाघाटी त्यांनी आधीच करून ठेवल्या होत्या. जून 1940 मध्ये फ्रान्समधल्या ला शारिते-स्युर-ल्वार या गावी एका आगगाडीत ती कागदपत्रे जर्मनांना सापडली आणि बर्लिनला दबाव आणायला एक आयते हत्यार मिळाले. त्याच वर्षी 9 ऑगस्टला स्वित्झर्लंडने जर्मनीशी व्यापारी करार केला. पुढे जर्मनीला स्विस मालासाठी उधारी देण्यात आली आणि युद्ध संपेपर्यंत ती 100 कोटी फ्रँकच्या वर गेली. नोव्हेंबर 1940 पासून स्वित्झर्लंडने रात्रीचे दिवे मालवले तेही जर्मनीच्या आग्रहावरून, कारण उजळलेली स्विस शहरे ब्रिटिश बाँबफेकी विमानांना वाट दाखवत होती. त्या अंधाराने मित्र आणि परका यांतला फरकही मिटवला; पण 1 एप्रिल 1944 रोजी अमेरिकी विमानांनी शाफहाउझेनवर बाँब टाकले ते भर दिवसा, जर्मन गाव समजून, आणि त्यात 40 माणसे मेली. 'कोणी हात लावला नाही' या वाक्याला हीदेखील पुरवणी जोडावी.

दुसऱ्या बाजूलाही कोणी स्वस्थ बसले नव्हते. जर्मनीशी व्यवहार करणाऱ्या स्विस कंपन्यांना दोस्त राष्ट्रांनी काळ्या यादीत टाकले, आणि लुटलेल्या मालाचे व्यवहार आम्ही मान्य करणार नाही, असा इशारा जानेवारी 1943 मध्ये दिला. अमेरिकी हेरखात्याचा स्वित्झर्लंडमधला प्रमुख ॲलन डलेस नोव्हेंबर 1942 पासून बर्नमध्ये ठाण मांडून होता. इटलीतल्या जर्मन फौजांच्या शरणागतीची गुप्त बोलणी 1945 च्या वसंतात स्विस भूमीवर झाली, त्यांचा सुगावा लागताच स्टालिनला वाटले की आपल्याला वगळून स्वतंत्र तह शिजतो आहे, आणि रूझवेल्टशी त्याची कडवट पत्रापत्री झाली. 1945 च्या सुरुवातीला, जर्मनी मरणपंथाला लागल्यावर, अमेरिकेच्या पुढाकाराने आलेल्या दोस्तांच्या शिष्टमंडळाने स्वित्झर्लंडकडून जर्मन ठेवी गोठवून घेतल्या. 1946 मध्ये वॉशिंग्टनच्या करारानुसार स्वित्झर्लंडने 25 कोटी फ्रँक मोजले आणि सोन्याचा विषय तेवढ्यापुरता मिटवला. सोव्हिएत संघाने तर 1944 मध्ये स्विस सरकारचा राजनैतिक संबंधांचा प्रस्ताव फॅसिस्टधार्जिणेपणाचा ठपका ठेवून जाहीरपणे फेटाळला होता. याला अंतर म्हणायचे असेल, तर ते दर महिन्याला पट्टी घेऊन नव्याने मोजले जात होते, आणि पट्टी बहुधा ज्याचे पारडे जड त्याच्या हातात होती. मात्र एकमेकांशी बोलणे तुटलेल्या तीस-पस्तीस देशांचे हितसंबंध स्विस वकिलातींनी सांभाळले आणि युद्धकैद्यांपर्यंत निरोप पोहोचवले. हे काम मोठे होते आणि त्याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे.

इथपर्यंत ठीक होते. चूक माहितीची होती, आणि बर्फाच्या चित्राखाली काहीही खपते हे आपल्याला माहीत आहे. ज्या वाक्यामुळे मी हे लिहायला बसलो, ते वाक्य उपदेशाच्या अगदी आधीचे : दारात आलेल्या प्रत्येकाला आसरा दिला. भाचीने ते भाषणात जसेच्या तसे घेतले होते, आणि त्यापुढे कंसात 'इथे थांबणे' अशी स्वतःसाठी सूचना लिहिली होती.

मार्च 1938 मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळला आणि व्हिएन्नातले ज्यू सीमेकडे पळू लागले. स्विस पोलीस खात्याला चिंता पडली ती ही की जर्मन पारपत्र हाती असलेला माणूस ज्यू आहे की नाही, हे दिसणार कसे. बर्लिनशी वाटाघाटी झाल्या आणि त्यांतून त्या वर्षीच्या शरद ऋतूत तोडगा निघाला : जर्मन ज्यूंच्या पारपत्रावर लाल रंगाचे 'जे' हे अक्षर उमटवायचे. त्या एका अक्षरावरून सीमेवरचा शिपाई माणसाला परत पाठवू शकत होता. 13 ऑगस्ट 1942 रोजी, फ्रान्समधून ज्यूंना भरून आगगाड्या पूर्वेकडे निघत असताना, स्विस सीमा जवळपास बंद करण्यात आली, आणि केवळ वंशामुळे पळून आलेला माणूस राजकीय निर्वासित ठरत नाही, असा नियम लावला गेला. माहिती नव्हती, असे म्हणण्याची सोय नाही. पोलीस खात्यातल्याच एका अधिकाऱ्याने त्याआधी दोन आठवडे अहवाल देऊन, हद्दपार केलेल्यांच्या हालांविषयीच्या बातम्या एकमेकींशी जुळणाऱ्या आणि विश्वासार्ह आहेत, असे कळवले होते. महिनाअखेरीस मंत्री एडुआर्ड फॉन श्टायगर यांनी देशाला आधीच भरलेल्या छोट्या जीवरक्षक नावेची उपमा दिली, आणि 'नाव भरली आहे' हे शब्द तिथल्या भाषेत कायमचे रुतून बसले. जून 1940 मध्ये फ्रान्समधून हटून आलेले फ्रेंच आणि पोलिश असे सुमारे 43 हजार सैनिक काही दिवसांत आत घेऊन नजरकैदेत ठेवले होते, तेव्हा नावेत जागा होती.

युद्धकाळात सुमारे तीन लाख लोकांना आसरा दिला, असा आकडा स्वित्झर्लंडच्या बाजूने सांगतात. तो खोटा नाही, पण त्यात नजरकैदेतले सैनिक, काही आठवडे हवापालटाला आणलेली मुले, लढाईपुरते सीमा ओलांडून आलेले शेजारी, सगळे आहेत. बेर्जिए आयोगाच्या हिशेबात नागरी निर्वासित सुमारे 51 हजार भरतात, त्यांत ज्यू 21 हजारांच्या आसपास. तेवढे जीव वाचले, आणि ते थोडे नाहीत. पण सीमेवरून परत पाठवलेल्यांची आयोगाने काढलेली संख्या 20 हजारांहून अधिक आहे. तिच्यावर वाद झाला, तो मुख्यतः आकडा आणि त्यांतले ज्यू किती यांवर. माणसे परत पाठवली गेली याबद्दल दुमत नाही. ज्यूंच्या जिवाला खरोखर धोका आहे, हे सरकारी आदेशात उतरायला जुलै 1944 उजाडला. त्या लाल अक्षराबद्दल स्विस राष्ट्राध्यक्षांनी माफी मागितली, ती 1995 मध्ये.

आणि ज्यांनी खरोखर दार उघडले, त्यांचे काय झाले? पाउल ग्रुनिंगर हे झांक्ट गालेन प्रांताचे पोलीस प्रमुख होते, तरुणपणी फुटबॉलपटू. ऑगस्ट 1938 मध्ये सीमा बंद झाल्यावर आलेल्या ज्यूंच्या कागदांवर ते त्याआधीची तारीख टाकत, म्हणजे तो माणूस नियमानुसार आत आलेला ठरे. अशी शेकडो माणसे वाचली; काही जण तर हा आकडा हजारांत सांगतात. 1939 मध्ये त्यांना बडतर्फ केले, निवृत्तिवेतन गेले, 1940 मध्ये न्यायालयाने कर्तव्यभंगाबद्दल दंड ठोठावला, आणि 1972 मध्ये गरिबीत त्यांचा मृत्यू झाला. त्यांना निर्दोष ठरवले गेले ते मृत्यूनंतर 23 वर्षांनी. 'प्रत्येकाला आसरा दिला' हे वाक्य पुढे पाठवणारा या एका माणसाची शिक्षा पुसून टाकतो, आणि ती शिक्षा देणाऱ्यांना पुण्यवान ठरवतो.

भारताविषयीच्या उपदेशाला एवढेच उत्तर पुरे की स्वित्झर्लंडने शस्त्रे टाकली नव्हती. ती त्याने बाळगली, बनवली आणि दोन्ही बाजूंना विकली. शिवाय आपले अलिप्ततेचे धोरण आणि कायद्यातली तटस्थता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अलिप्त देश कोणत्याही गटात नसतो, पण सुएझसारख्या प्रश्नावर तो उघड भूमिका घेऊ शकतो, आणि 1956 मध्ये भारताने ती घेतली.

बाबांनी हे सगळे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाले, "पण तिथे सैनिक दिसला नाही, हे तर खरे." ते खरेच आहे, म्हणून मी वाद घातला नाही. घरच्या गटावरून मात्र त्यांनी तो मजकूर संध्याकाळपर्यंत काढून टाकला. पर्वतीच्या गटावर तो अजून आहे, आणि त्याखाली जोडलेल्या हातांची संख्या वाढते आहे. भाचीने पहिले वाक्य खोडले आणि भाषण ग्रुनिंगरपासून सुरू केले. तारीख मागची टाकण्याचा प्रकार तिला इतका आवडला की त्यातच दोन मिनिटे जातात आणि घड्याळ लावून पाहिले तर भाषण सात मिनिटांवर जाते. बटाटे काढावेत की मेसरश्मिट, यावर सध्या तिचे आणि तिच्या आईचे एकमत होत नाही. 'इथे थांबणे' ही सूचना तिने ठेवली आहे, पण आता ती लाल अक्षरानंतर येते.